वाचकांचे प्रश्न: टीएच्या कॅम्पला जायचंय, नोकरीचं काय?

मे २०२५ नंतर टेरिटोरियल आर्मीबद्दलची (टीए, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून करायची सैनिकी सेवा) पत्रं एकदम वाढलीयत. पूर्वी वर्षाकाठी एखादं यायचं, तेही ‘भरती कधी’ विचारणारं, आता विचारतायत ते नोकरीचं. रजा मिळेल का, पगार चालू राहील का, परत आल्यावर खुर्ची असेल का. म्हणून या वेळी पेन्शन आणि घरभाड्याचे प्रश्न बाजूला ठेवून हीच पत्रं घेतोय. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण त्याच्यात बाकीच्यांची निम्मी उत्तरं येतात.

प्रश्न: मी वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, परमनंट आहे. टीएत माझं सिलेक्शन झालं. एचआरला सांगितलं तर ते म्हणाले असली रजा आपल्या पॉलिसीत बसत नाही, तू रिझाइन कर, परत आलास की आम्ही बघू, तुला प्रेफरन्स देऊ. घरचे म्हणतात साहेब बरा माणूस आहे, ऐक त्याचं. काय करू? — एक वाचक, वास्को

राजीनामा देऊ नकोस. बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल पण हे एवढं वाच.

का ते सांगतो. टेरिटोरियल आर्मी ॲक्ट हा १९४८ चा कायदा आहे, त्यात कलम ७-ए म्हणून एक कलम आहे. ते म्हणतं की टीएतल्या माणसाला सैनिकी सेवेसाठी बोलावलं तर ती सेवा संपल्यावर त्याला परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि नुसतं कसंतरी परत घेणं नाही, त्याची नोकरी मध्ये थांबलीच नसती तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या त्याहून कमी नसलेल्या अटींवर घेणं. हे वाक्य नीट बघ. म्हणजे तू नसताना युनियनचं वेज सेटलमेंट झालं तर ते तुलाही लागू धरायला हवं, एप्रिलमध्ये सगळ्यांना इन्क्रिमेंट मिळालं तर तुझंही धरायला हवं, जुन्या पगारावर नव्याने सुरुवात नाही. आणि सैनिकी सेवा म्हणजे फक्त युद्ध किंवा बॉर्डर असंही नाही, ट्रेनिंगसाठी रीतसर बोलावलं तरी ती सेवाच, त्यामुळे ‘कॅम्प म्हणजे तुझी हौस’ असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

पण हे सगळं उभं आहे ते ‘नोकरी सेवेमुळे थांबली’ यावर. तू स्वतःच्या सहीने राजीनामा दिलास की नोकरी सैन्यामुळे थांबली नाही, तू सोडलीस, असं कागद बोलतो. मग तो साहेब कितीही बरा असो, त्याची बदली झाली, कंपनी विकली गेली, नवा एचआर आला की ‘प्रेफरन्स देऊ’ हा शब्द कुठे शोधणार? कायद्याने दिलेला हक्क सोडून तोंडी शब्दावर जायचं काहीच कारण नाही. बहुतेक एचआरवाले हे वाईट मनाने सांगत नाहीत हेही खरं, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएल, एसएल, पीएल, मॅटर्निटी एवढेच कप्पे असतात आणि त्यात न बसणारा माणूस म्हणजे ‘एक्झिट’, एवढंच त्यांना सुचतं. गोव्यात टीएतला कामगार रोज दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर ही केस बहुधा पहिल्यांदाच आलीय. तूच त्यांना कलमाचा प्रिंट नेऊन दे, भांडायला नाही, माहिती म्हणून.

आता जे मिळत नाही तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तू भलत्याच भरवशावर जाशील. या कायद्यात खासगी कंपनीने तुला त्या काळाचा पगार द्यावा असं कुठेही नाहीये. पगार तुला सैन्याकडून मिळतो, ट्रेनिंग असो की ड्यूटी, जेवढे दिवस गणवेशात तेवढ्या दिवसांचा, तुझ्या रँकप्रमाणे. टीए मुळात आहेच मुख्य नोकरी-धंदा सांभाळून करायची सेवा, गणवेश नसतो त्या दिवसांचे सैन्याकडून पैसे नाहीत. तुझा कंपनीतला पगार जवानाच्या पगारापेक्षा जास्त असेल तर फरक तुझ्या खिशातून जाणार, होम लोनचा हप्ता असेल तर त्याचं गणित आधी मांड. काही कंपन्या आपणहून फरक भरून देतात, चांगलं करतात, पण तो त्यांचा मोठेपणा, तुझा हक्क नाही.

आणि मालकाने ऐकलंच नाही तर? तर कलमात सोय आहे की मालक घ्यायला नकार देतो, किंवा आता शक्य नाही म्हणतो, तर दोघांपैकी कोणीही नियमात ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तो अधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, किंवा योग्य वाटतील त्या अटींवर परत कामावर घे म्हणून सांगू शकतो, किंवा भरपाई द्यायला लावू शकतो, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी. तो आदेशही मोडला तर दंड आहे, हजार रुपयांपर्यंत. होय, हजार. ज्या काळात हे लिहिलं गेलं तेव्हा हजार रुपये ही मोठी रक्कम होती, आज वेर्ण्याच्या कंपनीच्या एका दिवसाच्या चहापाण्याचाही खर्च त्यात निघणार नाही. आदेश मोडणाऱ्याकडून कोर्ट सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वसूल करून देऊ शकतं, म्हणून कलम अगदीच बिनदातांचं नाही, पण माणसाच्या आठ-दहा वर्षांच्या नोकरीसमोर सहा महिन्यांचा पगार म्हणजे काय? मला स्वतःला वाटतं हा आकडा बदलायलाच हवा, जो माणूस देशासाठी घर सोडून जातो त्याच्या मागे उभा राहणारा कायदा एवढा किरकोळ असू नये. पण आज आहे तो हा आहे, म्हणून भांडणापर्यंत जाऊच नये अशी तयारी आधी करायची.

तयारी म्हणजे कागद. युनिटकडून बोलावणं येतं त्या पत्रावर तुझा नंबर, नाव, कुठल्या तारखेला कुठे हजर व्हायचं हे असतं. त्याची झेरॉक्स जोडून एक पानी अर्ज दे, आणि त्यात ‘रजा मिळावी ही नम्र विनंती’ एवढ्यावर थांबू नकोस, सरळ लिही: ‘टेरिटोरियल आर्मी ॲक्ट १९४८ खाली मला अमुक तारखेपासून सैनिकी सेवेसाठी बोलावलं आहे, सोबत आदेशाची प्रत जोडली आहे. मी नोकरी सोडत नाही. सेवा संपल्यावर कलम ७-ए प्रमाणे माझ्या जागेवर हजर होईन, तोपर्यंतचा काळ मंजूर गैरहजेरी म्हणून नोंदवावा.’ दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घे. शिक्का देत नसतील तर ईमेल कर, आणि पोस्टाने पण पाठव. नाहीतर हजेरीच्या मस्टरवर तुझ्या नावापुढे रोज ‘ए’ (गैरहजर) पडत जाईल, मग तुझ्या घरच्या पत्त्यावर शो-कॉज नोटीस जाईल, तू कुठल्या तरी पोस्टवर असशील आणि ती नोटीस आई घेऊन देव्हाऱ्याखाली ठेवून देईल, उत्तर दिलं नाही म्हणून एकतर्फी चौकशी होईल. हे होऊ नये म्हणून जायच्या आधी घरातल्या एकाला सांगून जा की कंपनीचं काहीही पत्र आलं तर फोटो काढून लगेच पाठवायचा. कंपनी अडूनच बसली तर युनिटच्या ॲडज्युटंटला (युनिटचं कागदोपत्री काम बघणारा अधिकारी) सांग, युनिटचं एक पत्र मालकाच्या टेबलावर गेलं की बऱ्याच गोष्टी नीट होतात.

प्रश्न: टीए म्हणजे वर्षातून दोन महिने असं ऐकून माझ्या नवऱ्याने फॉर्म भरला. आता लोक म्हणतात सरकारने नवा आदेश काढलाय आणि सगळ्यांना दोन-तीन वर्षं नेतात. खरं काय? — एक वाचक, डिचोली

दोन्ही थोडं थोडं खरं. वार्षिक ट्रेनिंग साधारण दोन महिन्यांचं, ते बरोबर. पण त्याशिवाय सरकार युनिटला पूर्ण वेळ सेवेवर बोलावू शकतं, आणि विशेषतः इन्फंट्री बटालियनमधले जवान असे सलग लांब काळ, कधी वर्षानुवर्षं, सेवेत असतात. फॉर्म भरताना हे कोणी सांगत नाही म्हणून नंतर घरात रडारड होते.

आदेशाचं म्हणाल तर ६ मे २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने नोटिफिकेशन काढलं. त्यात टेरिटोरियल आर्मीच्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना अधिकार दिला की टीएतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला, जवानाला गार्ड ड्यूटीसाठी किंवा नियमित सैन्याच्या मदतीला बोलावता येईल. मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. टीएच्या ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ सेवेवर घ्यायचं त्यात आहे, आणि पुण्याचं मुख्यालय असलेली सदर्न कमांड त्या यादीत आहे. म्हणजे सगळ्यांना नेतात असं नव्हे, पण कोणालाही नेऊ शकतात, असं समजून चाला. नोटिफिकेशन निघालं ते ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत त्यामुळे लोकांना ते युद्धाचं बोलावणं वाटलं, पण मुदत बघितली तर लक्षात येईल की तीन वर्षांची सोय आहे ती.

नवऱ्याने मालकाला सांगताना ‘दोन महिने’ हा शब्द वापरू नये. ‘दरवर्षी कॅम्प, आणि आदेश आला तर जास्त’ असं सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. आणि तुम्ही दोघांनी बसून पाहा की एकाच्या पगारावर सलग दीड-दोन वर्षं घर चालेल का, सासू-सासऱ्यांची औषधं कोण आणणार. जायला नको म्हणून सांगत नाहीये, उलट जावं असंच मला वाटतं, पण जाणारा माणूस आणि मागे राहणारं घर दोघंही तयार पाहिजेत.

प्रश्न: सात महिन्यांच्या सेवेनंतर परत आलो, कंपनीने घेतलं, तक्रार नाही. पण मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडलं तर जुन्या मेंबर आयडीवर बाहेर पडल्याची तारीख पडलीय आणि आता नवा मेंबर आयडी. याने काही बिघडतं का? — एक वाचक, फोंडा

बिघडतं, आणि आत्ताच दुरुस्त करून घ्या. कायद्याच्या ७-बी कलमात लिहिलंय की सैनिकी सेवेत असताना माणसाचे प्रॉव्हिडंट फंड, सुपरॲन्युएशन वगैरे योजनांमधले हक्क ठरवून दिल्याप्रमाणे टिकून राहतात. तुमच्या कंपनीने काय केलं, तर तुम्ही गेलात म्हणून ‘डेट ऑफ एक्झिट’ टाकली आणि आलात म्हणून नवीन जॉइनिंग दाखवलं. पैसे कुठे जात नाहीत, युएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असेल तर ट्रान्सफरही होतील, पण रेकॉर्डवर तुम्ही नोकरी सोडून नव्याने लागलात असं झालं. उद्या ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा मोजताना कोणीतरी हाच कागद काढून दाखवील. मंजूर गैरहजेरीने सेवा तुटत नाही, पण नोकरी सोडली असं लिहिलेलं असलं की तुटते.

खरं तर त्यांनी करायला हवं होतं ते अगदी सोपं होतं. दर महिन्याच्या पीएफ रिटर्नमध्ये बिनपगारी दिवसांचा कॉलम असतो, एनसीपी डेज म्हणतात त्याला, पगार नाही तर वर्गणी नाही, तेवढे दिवस तिथे भरायचे आणि माणूस मेंबर म्हणून चालू ठेवायचा. पेरोलवाल्याला हे चांगलं माहीत असतं. तुमच्या बोलावण्याची (कॉल-अप) आणि परत सोडल्याची अशी दोन्ही पत्रं जोडून एक्झिटची तारीख काढायची लेखी मागणी करा, जॉइंट डिक्लरेशन भरावं लागेल, दोघांच्या सह्यांनी पीएफ ऑफिसला जातं ते. कंपनीने घेतलंय म्हणजे मन साफ आहे, करतील. त्याच वेळी ग्रुप मेडिक्लेममध्ये घरच्यांची नावं परत चढली का तेही विचारा, सात महिने बाहेर दाखवलं असेल तर तिथूनही नावं गेलेली असायची शक्यता आहे.

प्रश्न: कळंगुटला आमचं छोटं हॉटेल आहे, बारा खोल्या. किचनमधला मुख्य मुलगा टीएत आहे. गेल्या खेपेला ऐन डिसेंबरात गेला, आम्ही मेलो. मुलगा चांगला आहे, अभिमान पण आहे, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? कायदा फक्त त्याच्याच बाजूने आहे का? — एक हॉटेलमालक

तुमचं पत्र मला मनापासून आवडलं कारण असं बोलणारे मालक कमी. आणि प्रश्न रास्त आहे. हजार माणसांच्या कारखान्यात एक गेला तर शिफ्ट बदलते, बारा खोल्यांच्या हॉटेलात एक गेला तर ख्रिसमसचा मेन्यू बदलतो.

कायदा एकतर्फी नाही. वर लिहिलंय तसं त्या अधिकाऱ्याकडे मालकही जाऊ शकतो, आणि परत घेणं खरंच अशक्य असेल तर अधिकारी सूट देऊ शकतो. पण तिथपर्यंत न्यायचं कशाला. मुलाला सांगा की युनिटचं ट्रेनिंगचं वेळापत्रक कळलं की त्याच दिवशी तुम्हाला कळव. पावसाळ्यात तुमच्याकडे धंदा थंड असतो, त्या काळात कॅम्प मिळतो का म्हणून त्याने युनिटला विनंती करायला हरकत नाही, तुमचं पत्र जोडून केली तर आणखी बरं, मान्य करणं न करणं कमांडिंग ऑफिसरच्या हातात. सेवेचं बोलावणं असेल तर मात्र तारीख बदला म्हणणं जमत नाही, आणि त्याने हजर न होणं हा त्याच्यावर गुन्हा ठरू शकतो, म्हणून ‘सीझन संपव आणि जा’ असा आग्रह त्याला करू नका, तो दोन्हीकडून अडकेल.

आधी कळवण्याने किती फरक पडतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण धोनीचं. २०१९ च्या जुलैत वेस्ट इंडीज दौऱ्याची टीम निवडायच्या आधी त्याने बोर्डाला सांगून टाकलं की मी दोन महिने नाही, आणि मग काश्मीरमध्ये आपल्या पॅरा टीए बटालियनसोबत १५ ऑगस्टपर्यंत राहिला. तो मानद लेफ्टनंट कर्नल, त्याची गोष्ट वेगळी हे मान्य, पण निवड समितीला विकेटकीपर शोधायला वेळ मिळाला ना! तुम्हालाही कुक शोधायला वेळ मिळाला पाहिजे.

बदली माणूस घ्याल तो ‘अमुक परत येईपर्यंत’ असं लिहूनच घ्या, कारण नंतर त्याला काढायचं जिवावर येतं आणि मग जुन्याला टाळायची कारणं शोधली जातात. आणि जमलं तर दोन ओळींचा नियम लिहून हॉटेलात लावा, टीएत असलेल्याची जागा राखून ठेवली जाईल, त्याने कळल्याबरोबर कळवायचं. एवढं पुरे.

प्रश्न: मी २९ वर्षांची, पणजीत एका आयटी कंपनीत आहे. टीए बायकांसाठी आहे का, आणि नोकरीचं संरक्षण आम्हालाही आहे का? — एक वाचक, ताळगांव

दोन्हीला हो. आधी बायकांना सहसा घेत नव्हते. दिल्ली हायकोर्टाने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ लिहिलंय त्यात बायकाही आल्या. त्यानंतर अधिकारी म्हणून महिला टीएत येऊ लागल्या. ग्रॅज्युएट, १८ ते ४२ वय, आणि स्वतःचं उत्पन्न असलं पाहिजे, म्हणजे नोकरी हीच इथे पात्रता आहे, अडथळा नाही. महिलांच्या जागा फार थोड्या निघतात, जाहिरात आली की थांबू नका. कलम ७-ए पुरुषांइतकंच तुम्हाला लागू. आयटीत बेंच, प्रोजेक्ट रिलीज वगैरे प्रकार असतात म्हणून एक सांगतो, परत आल्यावर ‘तुझा प्रोजेक्ट संपला’ हे कारण पुरत नाही, तुमची नोकरी कंपनीत आहे, प्रोजेक्टमध्ये नाही.

प्रश्न: माझा मुलगा कुंडईला नोकरीला होता, आता अग्निवीर म्हणून गेला. कंपनी म्हणते जागा राखणार नाही. तुम्ही म्हणता तो कायदा त्याला आहे ना? — एक आई, म्हार्दोळ

नाही हो ताई, नाहीये. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली ती नियमित सैन्यातली चार वर्षांची भरती आहे, टेरिटोरियल आर्मीचा कायदा तिथे लागत नाही. कंपनी चुकीचं सांगत नाहीये. त्याचा रिलीव्हिंग लेटर, एक्सपीरियन्स सर्टिफिकेट आणि पूर्ण हिशोब मात्र आत्ताच घेऊन ठेवा, चार वर्षांनी ती फॅक्टरी त्याच नावाने असेलच असं नाही. पीएफ काढू नका, राहू दे, युएएन पुढे कामाला येतो. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम ठेवतात, तो नाही राहिला तर टीएचाही रस्ता त्याला आहे, तेव्हा हा कायदा लागू होईल.

प्रश्न: मी कॉन्ट्रॅक्टरकडून एका कारखान्यात आहे, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. टीएतून आलो तर कंपनी म्हणते कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंपनीला विचार. — एक वाचक, होंडा, सत्तरी

पगार ज्याच्या नावाने खात्यात येतो आणि पीएफ ज्याच्या कोडवर भरला जातो तो तुझा मालक, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. त्याच्याकडे लेखी माग आणि कॉपी कंपनीला दे. एक गोष्ट मात्र समजून घे, कायदा नोकरी थांबली नसती तर जे मिळालं असतं ते देतो, त्याहून जास्त नाही. तुझं ॲग्रीमेंट तू सेवेत असतानाच संपत होतं तर नुसत्या ७-ए वर पुढची नोकरी मागता येणार नाही. पण तुझ्याबरोबरच्या बाकी सगळ्यांचं रिन्यू झालं आणि फक्त तुझंच राहिलं असेल तर ते सोडू नकोस, त्या मुलांची नावं आणि रिन्यूच्या तारखा लिहून काढ, मागच्या वर्षांची ॲग्रीमेंटं आणि पगाराच्या स्लिपा जोड, युनिटचं पत्र वर लाव आणि पणजीत पाटोवर श्रम शक्ती भवनात लेबर कमिशनरच्या ऑफिसात दे. होंड्याहून सकाळच्या कदंब बसने निघालास तर दुपारच्या आत काम होईल, पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.